ह्यांच्या उशाशी बसलेल्या मॅडम

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. माझं अक्षरही चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, ते मला कळत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण माझ्या लेकीच्या हाती कधी लागली तर तिनं हसू नये, म्हणून हे वर लिहून ठेवलं.

लिहायचं आहे ते ह्यांच्या दुखण्याचं. म्हणजे ऑपरेशनचं नाही. ते डॉक्टरांनी केलं, त्यातलं मला काही कळत नाही. ऑपरेशन झाल्यावर हे मला चार दिवस ओळखत नव्हते, त्या चार दिवसांचं लिहायचं आहे. तोंडानं सांगायला गेले तर मला सांगता येणार नाही. चार माणसांत बसले की मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटच्या बाजाराला पायी जाण्याएवढं जवळ. घराच्या मागं आमची खव्याची भट्टी आहे. सकाळी लोक दूध आणून घालतात, हे ते कढईत आटवतात आणि दुपारच्या टेम्पोनं खवा जातो. धगीपाशी उभं राहून लांब दांड्याचं उलथणं गोल फिरवत राहायचं, हे ह्यांचं वीस-बावीस वर्षांचं काम. हात थांबला की दूध खाली लागतं आणि लागलेला खवा कुणी घेत नाही. ह्यांच्या छातीत कळ आली तीसुद्धा कढईपाशीच. आधी उलथणं माझ्या हातात दिलं आणि मग खाली बसले.

धाराशिवला दाखवलं, तिथून सोलापूरला नेलं. हृदयाच्या तीन नसा बंद झालेल्या होत्या. ऑपरेशन रेशनकार्डावर सरकारी योजनेत बसलं. माझ्यासोबत धाकटे दीर आले होते. कागद भरताना खिडकीतल्या मुलीनं मला विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी दिरांकडं बघितलं.

दीर म्हणाले, "त्यास्नी नका इचारू ताई. आमच्या वैनी नाव घ्यायच्या म्हंजी उखाणा जुळवाया लागंल. तवर तुमची रांग येडशीपातुर जाईल."

रांगेतले सगळे हसले. मीही पदराआड हसले. तीस वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव मी दोनदा घेतलं होतं, एकदा लग्नात आणि एकदा जावेच्या डोहाळजेवणात. कुणी मनाई केली होती असं नाही. आमच्याकडं घेत नाहीत, एवढंच.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी ह्यांच्या तोंडातली नळी काढली. गुरुवारी सकाळी मी आत गेले तेव्हा चांगले बोलले. दूध कोण घेतंय, लाकडं आली का, असं विचारलं. मी बाहेर येऊन लेकीला फोन केला की बाबा बरे आहेत, तू लेकराला घेऊन धावपळ करू नको.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला पुन्हा आत सोडलं, तर पलंगावर माणूस दुसराच होता. डोळे उघडे, पण नजर कुठंतरी छताला. कपाळावर घाम. डावा हात अंगाशी, आणि उजवा हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला सैल बांधलेला. बांधलेला असूनसुद्धा मनगट गोल गोल फिरत होतं.

सिस्टर म्हणाल्या, "सारखे वायरी ओढतात मावशी, म्हणून बांधलं. घाबरू नका."

"ओढत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "ओढत नाहीत. खवा घोटतात."

सिस्टर थोडा वेळ त्या मनगटाकडं बघत राहिल्या. मग डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मोठ्या ऑपरेशननंतर काही लोकांना असा भ्रम होतो. हे वेड नाही. चार-पाच दिवसांत उतरतो. पण छातीचं हाड कापून तारेनं जोडलं आहे, ह्यांनी जोर करता कामा नये. आणि खाल्लं पाहिजे, गोळ्या घेतल्या पाहिजेत. दुपारपासून त्यांनी तोंडात काहीच घेतलं नव्हतं. जे भरवायला येईल त्याला म्हणत, "माझी बायको यू द्या. मग बघू."

"तुम्ही जवळ बसा," डॉक्टर म्हणाले. "वार सांगा, गाव सांगा. नावानं हाक मारा. ओळखीच्या आवाजानं माणूस भानावर येतो." दुसऱ्यांना पंधरा मिनिटं सोडत, मला त्यांनी तासभर बसायची मुभा दिली.

मी उशाशी गेले. ओठ हलवले, आवाज निघेना.

सिस्टर म्हणाल्या, "मावशी, इथं कोण ऐकतंय? मोठ्यानं घ्या."

मग मी ह्यांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण घेतलं. नुसतं पहिलं नाव घेतलं असतं तर मला जास्त लाज वाटली असती.

ह्यांनी मान वळवली. माझ्याकडं बघून म्हणाले, "व्हय मॅडम. हजर हाय."

"मी हाय," मी म्हणाले.

"बसा मॅडम. मॅडमला खुर्ची द्या कुणीतरी." मग हळू आवाजात विचारलं, "बँकेतनं आलाव का योजनेतनं? कागदं समदी भावाकडं हायत."

मी उठून बाहेर आले. दीर जिन्यापाशी उभे होते.

"वळखलं का दादानं?"

"मॅडम म्हणाले."

"तुमाला? मॅडम?" दीर हसायला लागले. "मग आता आमीबी मॅडमच म्हणाया पायजे. च्या आणू का मॅडम?" असं म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. चहा काही आणला नाही. दोघंही तिथंच पायरीवर बसून राहिलो.

शुक्रवारी सिस्टरनी विचारलं, ह्यांना चष्मा आहे का? चष्मा माझ्या पिशवीत होता. ऑपरेशनच्या आधी काढून दिलेला मी रुमालात बांधून जपून ठेवला होता. त्यांना दिसत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चष्मा पुसून ह्यांच्या डोळ्यांवर ठेवला. दिरांनी सोनारीच्या भैरोबाचा अंगारा दिला होता, तो कपाळाला लावला. पुन्हा पूर्ण नाव घेतलं. ह्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाले, "कालच्याच मॅडम का?" चष्मा आल्यावर मी आणखीच मॅडम झाले.

"आज शुक्रवार आहे," मी म्हणाले. "हे सोलापूर आहे. तुमचं ऑपरेशन झालंय."

"व्हय मॅडम. तुमी म्हणताव तर आसंल." मग माझ्याकडं बघत राहिले. "तुमी चौकशीला आलाव, मला ठावं हाय. म्या काय लपवणार न्हाय. ते पैसे म्याच घेतले."

"कसले पैसे?"

"माझ्या बायकोचे."

मला वाटलं, भ्रमात काहीतरी बोलतात. पण त्यांचा आवाज भ्रमातला नव्हता. तो दूध घालणाऱ्यांना हिशेब सांगतानाचा आवाज होता.

"तिच्या आईनं दिलते. म्हातारी आजारी हुती, म्या बघाया गेलो तवा उशाखालनं काढून दिले. शेळ्या इकून ठिवले हुते. सहा हजार. म्हणाली, लेकांच्या हाताला लागले तर लेकीला एक रुपाया घावणार न्हाय, तुमी तिला सोन्याच्या कुड्या करा, माझ्या नावानं घालू द्या. पंधरा दिसांत गेली म्हातारी."

मनगट फिरायचं थांबलं होतं.

"आन् म्या कढई घेतली, मॅडम. भट्टी घातली."

सिस्टर सलाईन बघायला आल्या, म्हणून ते गप्प झाले. मीही उठले. त्या दिवशीही त्यांनी पेज घेतली नाही. सिस्टरनी चमचा पुढं केला की मान फिरवत होते. "माझी बायको कुठंय? तिला सांगा की म्या इथं हाय म्हणून." मी समोर उभी होते.

माझी आई गेली तेव्हा तिच्या पेटीत तीन लुगडी निघाली होती, ती भावजयांनी वाटून घेतली. मला काही नाही. मी कधी कुणाला बोलले नाही, पण माझ्या मनात ते राहिलं होतं. आपण एकटीच लेक, तरी जाताना आईला आपली आठवण झाली नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता कळलं की आईनं शेळ्या विकल्या होत्या. मी दवाखान्याच्या आवारातल्या नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथंच बराच वेळ रडले. ह्यांचा राग आला होता. आईचा इतक्या वर्षांचा राग निघून गेला होता. दोन्ही एकाच वेळी झालं. दिरांना वाटलं, मी दादांच्या काळजीनं रडते. त्यांनी मला केळी आणून दिली.

आता लिहिते ते कुणालाही सांगितलेलं नाही. शनिवारी मी नाव मुद्दाम घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही. मला पुढचं ऐकायचं होतं, आणि ते मॅडमलाच सांगणार होते.

"मग बायकोला सांगितलं का नाही?" मी विचारलं. मॅडम बोलतात तसं, जरा शुद्ध बोलले.

"पयल्या वरसी म्हणलो, खवा इकून कुड्या करू, मग सांगू. दुसऱ्या वरसी लेकीचं दुखणं निघालं. मग लई उशीर झाला. उशीर झाला की सांगाया तोंड ऱ्हात न्हाय, मॅडम."

"रागावली असती का ती?"

"छ्या!" ह्यांनी मान हलवली. "रागावत न्हाय. बोलतच न्हाय कायी. तीच तर अडचण हाय. शिव्या दिल्या असत्या तर म्या तवाच सांगून मोकळा झालो असतो."

मी खाली बघितलं.

"लई गुणाची हाय पर," ते म्हणाले. "धगीपाशी माझ्याबरुबर हुबी ऱ्हाती. तिच्या हातनं कधी खवा खाली लागला न्हाय, माझ्या हातनं लागतो कवाकवा. कुणाला सांगू नका. गिऱ्हाइकाला वाटतंय समदा म्याच करतो." आणि हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले, ते त्या मॅडमकडं बघून.

तीस वर्षांत ह्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "मग तिचे पैसे देऊन टाका की."

"देतो. घरी गेलो की देतो. लिवून घ्या मॅडम." ह्यांनी बांधलेला हात उचलायला बघितला. "पर आता तिला यू द्या. मला भूक लागलीया."

माझ्या हातात पेजेची वाटी होती. मी चमचा पुढं केला. त्यांनी नम्रपणे मान बाजूला केली. "न्हाय मॅडम. तुमी कशाला? तुमी मोठी माणसं."

मी वाटी खाली ठेवली. मला माझीच लाज वाटली. ह्यांच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं आणि मी माझं कौतुक ऐकत बसले होते.

रविवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळीलाही हे हात घालणार, मग दोन्ही हात घट्ट बांधावे लागणार. सकाळी मी बसले तेव्हा ते बोलायलाही तयार नव्हते. एकदाच म्हणाले, "मॅडम, माझ्या बायकोला इथली वाट घावली नसंल. तिला कुणाला इचाराया येत न्हाय. लाजती. खाली दाराशी हुबी असंल बघा." मी विचारलं, "ती आली की तुम्हाला कशी कळणार?" तर म्हणाले, "हाक मारती की. तुमी नाव घेताव. ती कुठं नाव घेती?"

दुपारभर मी तेच मनात घोळवत पायरीवर बसले. दीर म्हणाले, "जेवा मॅडम," तर मी म्हणाले, "मॅडम म्हणू नका." माझा आवाज चढला असावा, कारण ते एकदम गप्प झाले.

पाचला आत गेले. सिस्टरनी पेज गरम करून ठेवली होती. "घ्या मावशी नाव," त्या म्हणाल्या.

"आज घेत नाही," मी म्हणाले.

ह्यांचे डोळे मिटलेले होते आणि मनगट फिरत होतं. मी पलंगाच्या समोरून न जाता उशामागून गेले, घरात मागच्या दारातून भट्टीकडं जाते तशी. पदर सारखा केला. सिस्टर तिथंच उभ्या होत्या, मला लाज वाटत होती, पण म्हणाले.

"अवं."

मनगट हळू झालं.

"अवं, ऐकलं का. पेज निवतीया."

"आलो," डोळे न उघडता म्हणाले. "कढई उतरू दी."

"उतरवली म्या. खव्यानं कडा सोडल्या हुत्या."

"करपला न्हाय न्हवं?"

"न्हाय. चांगला झालाय."

हात थांबला. सिस्टरनी हळूच पट्टी सोडली. ह्यांनी डोळे उघडले, मान मागं करून मला उलटंच बघितलं, आणि म्हणाले, "कवा आलीस?"

"आत्ताच."

"किती येळ लावलास गं. दोन दिस वाट बघतोय. इथं रोज एक मॅडम यायच्या. तुला भेटल्या का?"

"न्हाय," मी म्हणाले आणि चमचा पुढं केला. सात चमचे पेज घेतली. आठवा मागितला, पण सिस्टर म्हणाल्या, आज एवढंच. मग ते झोपले. तीन दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपले. माझ्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं, म्हणून मला तास संपल्यावरही कुणी उठवलं नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, भ्रम उतरायची वेळच झाली होती, कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला पाच. असेल. ते शिकलेले आहेत. सिस्टर मात्र आम्ही घरी निघताना मला म्हणाल्या, "मावशी, आता मी बायकांना नाव घ्या म्हणण्याआधी विचारत जाईन, घरी काय म्हणता म्हणून."

घरी आलो. तीन महिने जड उचलायचं नव्हतं. भट्टीवर मी आणि दीर उभे राहत होतो, आणि हे खुर्चीवर बसून आम्हाला शिकवत होते. दवाखान्यातलं त्यांना फारसं आठवत नव्हतं. हात बांधल्याचं नाही, पेज नाकारल्याचं नाही. मॅडम तेवढ्या आठवत होत्या.

एकदा म्हणाले, "बाई चांगली हुती. आवाज हळू. पर सवाल बरुबर इचारायची."

दीर माझ्याकडं बघून तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या हातावर चवीला गरम खवा ठेवला. नंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, हे कधी बोलायचं नाही. दीर म्हणाले, "का पर? गंमत हाय." हे जे बोलले ते परक्या बाईशी बोलतोय असं समजून बोलले होते. मी होते हे कळलं असतं, तर त्यांना पुन्हा माझ्याकडं वर बघता आलं नसतं. ह्यांचा तसा स्वभाव आहे. माझाही आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ह्यांनी मला पाचशेची नोट दिली. खव्याचे पैसे हल्ली फोनवर येतात, तरी त्यांनी कुणाकडून तरी नोट मागून आणली होती.

"कशाची?" मी विचारलं.

"ठेव तुझ्याजवळ."

"घरात आणायचंय का काही?"

"ठेव म्हणतोय ना. तुझी हाय."

पुढच्या बाजारालाही दिली. त्याच्या पुढच्याही. एका बाजाराला टेम्पो आला नाही, खवा राहिला, तेव्हा दिली नाही आणि दिवसभर माझी नजर चुकवत होते. पुढच्या खेपेला दोन दिल्या. मी मोजत होते. त्यांना वाटत होतं, मला काही माहीत नाही. नोटा मी डाळीच्या डब्यात ठेवत गेले. मनात यायचं, आज विचारावं. पण मग वाटायचं, मॅडमना शब्द दिलाय, त्यांना पाळू द्यावा.

गेल्या बाजाराला बारावी नोट दिली आणि ह्या वेळी उठून गेले नाहीत. माझ्यासमोर बसले. खाली बघून सगळं सांगितलं. आईच्या शेळ्या, उशाखालचे पैसे, कुड्या, कढई. तेच सगळं, त्याच ओळीनं. मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. तसं ऐकताना मला पुन्हा रडू आलं, ते मात्र खोटं नव्हतं.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला हुता."

"हुता म्हंजी?"

"आला, आन् गेला." मग मी म्हणाले, "आन् व्याज?"

हे चमकून माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याशी असं कधी बोलत नाही. मग हसले. "व्याजाचं मॅडम कायी बोलल्या न्हाईत."

"मग ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

डाळीचा डबा परातीत ओतला, नोटा निवडून काढल्या आणि त्यांच्यासमोर मोजल्या. बारा होत्या. सहा हजार पूर्ण झाले.